खालून कापलेला दांडा

चेंडू पुन्हा कुंपणात गेला. उडाला म्हणणंसुद्धा त्याचा मान वाढवण्यासारखं होतं. गवतावरून गुडघाभर उंचीने तो निघाला, वाटेत काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळला आणि झुडपात शिरला.

"मान," सर म्हणाले.

बस, एवढंच. गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवल्यापासून भिंगरीच्या वाट्याला सरांच्या तोंडून हा एकच शब्द आला होता. बाकीच्या मुलींना कसं, "खांदा सैल सोड", "पाय जरा लांब ठेव", निरनिराळं काहीतरी मिळायचं. हिला मात्र सकाळ-संध्याकाळ मान. मारताना ती मान वर करते म्हणून तिचा चेंडू उडत नाही, असा सरांचा निकाल होता आणि त्यावर कुठे अपील नव्हतं.

"सर, मी खालीच बघत होते."

"सगळे असंच म्हणतात. नाचता येईना, अंगण वाकडं."

मुली हसल्या. भिंगरी घरात एक मिनिट एका जागी उभी राहत नाही, सारखी कुणाच्या तरी पायात येते म्हणून दादाने तिला हे नाव ठेवलं होतं आणि ते शाळेतही पोचलं होतं. पण त्या क्षणी ती अगदी खांबासारखी उभी होती. तिचे कान तापले होते. शनिवारी शाळेच्या संघाची निवड. टेकाडावरून मारलेला चेंडू मधला ओढा ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पडला तर संघात, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत दुसऱ्यांच्या पिशव्या उचला. तिचा चेंडू तर ओढ्यापर्यंतही जात नव्हता. आणि मान सुधारेपर्यंत तिने फक्त ड्रायव्हरनेच मारायचं, पिशवीतल्या दुसऱ्या काठीला हात लावायचा नाही, असा सरांचा हुकूम होता. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची, मोठ्या डोक्याची काठी. बाकीच्या काठ्या शाळेच्या होत्या. ड्रायव्हर तेवढा घरचा.

सर चहाला गेले, तशी कुरळी जवळ आली. ही भिंगरीची मैत्रीण. उंची तेवढीच, ताकद तेवढीच, डोक्यावर केसांचं टोपलं.

"रडणार असशील तर आधी सांग, मी रुमाल आणला नाहीये."

"रडत नाहीये. तुझा ड्रायव्हर दे."

"आणि माझी मान नको का?"

भिंगरीने कुरळीच्या ड्रायव्हरने मारलं. चेंडू वर चढला, चढतच राहिला, वर पोचून जरा रेंगाळला आणि ओढ्यापलीकडे अलगद उतरला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग कुरळीने भिंगरीच्या ड्रायव्हरने मारलं. गुडघाभर उंची, उजवीकडे, झुडूप.

"अगं, याला जीवच नाही," कुरळी हात झटकत म्हणाली. "खांबाने खांबाला मारल्यासारखं वाटतं."

तेव्हा भिंगरीला दुकानातलं ते स्टूल आठवलं.

दादाला काठ्यांचा नवा संच घ्यायचा ठरला होता, तेव्हा सगळं घर त्याच्यामागे दुकानात गेलं होतं. तिथल्या कारागिराने दादाला ताठ उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंत फीत लावली, जाळीत चेंडू मारायला लावले, पडद्यावर आकडे बघितले. भिंगरी स्टुलावर बसून दादाची पाण्याची बाटली सांभाळत होती. कारागीर बाबांना समजावत होता, की दांडा वर जाड असतो आणि खाली निमुळता होत जातो. चेंडूला भिडताना तो निमुळता भाग लवतो आणि डोक्याला पुढे ढकलतो, तेव्हा चेंडू उचलला जातो. जोर कमी असेल त्याला लवणारा दांडा द्यायचा आणि डोक्याचं तोंड आभाळाकडे जास्त कललेलं ठेवायचं. जोरदार माणसाला ताठ दांडा, उभं तोंड. दादाचा जोर चांगला होता, त्याला तसं मिळालं. आणि दादाचा जुना ड्रायव्हर, तोही ताठ दांड्याचा आणि उभ्या तोंडाचा, काकांनी कापून भिंगरीला दिला. दादाची जुनी पँट खालून दुमडून द्यावी तसा.

घरी पोचल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत.

"काका, माझा ड्रायव्हर तुम्ही कुठून कापलात?"

काका सोफ्यावर होते. घरात काही मोडलं की काका करवत घेऊन हजर. कधीकधी मोडायच्या आधीच.

"खालून. का गं?"

"खालून का?"

"वरची रबरी मूठ नवीकोरी होती. चांगली मूठ कोण फाडतं? डोकं काढलं, चार बोटं दांडा उडवला, जरा घासला, डोकं पुन्हा बसवलं. दिसतंय का कुठे जोडलेलं?" काका खरोखर खूश होते.

"काका, लवायचा होता तोच भाग तुम्ही टाकून दिलात. टेबलाचा पाय आहे का तो?"

"टेबलाचा पायही मी खालूनच कापतो."

दादाने ड्रायव्हर हातात घेऊन जमिनीवर टेकवला, दाबून बघितला. "बाई गं, ही तर पहार झालीये."

"बघू, पुढच्या महिन्यात दुसरा बघू," बाबा म्हणाले. "खेळच तर आहे."

"दादाच्या वेळी खेळ नव्हता तो?" भिंगरीचा आवाज चढला. "त्याचं मनगट मोजलंत, आणि तुमच्या या पहारीपायी सर मला मान मोडेपर्यंत खाली बघायला लावतात. मला कुणी एकदा तरी मोजलं का?"

दादाने टीव्हीचा आवाज बंद केला. काकांनी ड्रायव्हर उचलून खालच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना आपली कारागिरी सांगावीशी वाटली नाही.

शनिवारी टेकाडावर सगळ्या मुली ओळीने उभ्या होत्या. सरांचा नियम, प्रत्येकीने आपल्याच पिशवीतल्या काठीने मारायचं, उसनवारी चालणार नाही. भिंगरीची पाळी आली तशी ती ड्रायव्हर घेऊन सरांसमोर गेली, अगदी साखरेच्या आवाजात म्हणाली,

"सर, मानेचं मला अजून कळत नाहीये. माझ्याच ड्रायव्हरने एकदा मारून दाखवता का?"

सर फुलले. त्यांचा खांदा दुखरा होता, स्वतःच्या ड्रायव्हरला त्यांनी मुद्दाम वेताच्या छडीसारखा लवणारा दांडा घालून घेतला होता, आणि "वय झालं, आता काठीनेच वाकायचं" असं ते स्वतःच हसत सांगायचे. भिंगरीला हे पक्कं ठाऊक होतं. सरांनी मान अशी खाली घातली की हनुवटी छातीला लागली. मारलं.

गुडघाभर उंची. उजवीकडे. झुडूप.

मग ओळीतून कुरळीचा आवाज आला, "सर, मान."

सरांनी दुसरा चेंडू घेतला. तोही पहिल्याच्या मागोमाग त्याच झुडपात गेला. तेव्हा कुठे त्यांनी ड्रायव्हर उलटा करून बघितला, दांडा अंगठ्याने दाबला.

"हा कुणी कापला?"

"काकांनी. खालून."

"आधी सांगायचंस."

"मी सांगत होते, सर. तुम्ही अंगणाचं सांगत होतात."

सरांचा चेहरा लाल झाला. "ते असू दे. नियम तो नियम. दुसरीची काठी मिळणार नाही."

"दुसरीची नकोच आहे."

तिने स्वतःच्या पिशवीतून शाळेचा पाच नंबरचा वुड काढला. डोकं लहान, रंग उडालेला, पण दांडा लवणारा आणि तोंड आभाळाकडे कललेलं. गेले कित्येक आठवडे सरांनी जिला हात लावू दिला नव्हता ती हीच काठी; आज मात्र त्यांनी अडवलं नाही. ड्रायव्हरएवढं लांब ती मारत नाही. पण ओढा काही समुद्र नव्हता. भिंगरीने श्वास सोडला, झुडूप, सर, काका, पडद्यावरचे दादाचे आकडे सगळं पोटात ढकललं आणि काठी फिरवली.

चेंडू उठला. सरळ उठला, वर जाऊन थांबल्यासारखा झाला आणि ओढ्याच्या काठापलीकडे, हिरवळीच्या अगदी अलीकडच्या कडेवर, टप्पकन बसला. तोवर ओढा ओलांडलेल्या चेंडूंत सगळ्यात कमी लांब गेलेला तोच. पण पलीकडे.

"संघात," सर म्हणाले. मग घसा साफ करून, "बघितलंस? आज मान खाली ठेवलीस."

"मान खालीच होती, सर," भिंगरी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

पुढच्या मुलीला मात्र सरांनी मारायच्या आधी काठी दाखवायला सांगितली, आणि तिच्या पुढच्या मुलीलाही.

घरी काका फीत घेऊन दारातच उभे होते. "ये, मनगट मोजतो. दुकानात घेऊन जाणार आहेत बाबा."

"मोजा. पण करवत लांब ठेवा."

तिने रुसव्याने गाल फुगवूनच हात खाली सोडला आणि ताठ उभी राहिली. मग दुसऱ्या हाताने ड्रायव्हर काकांच्या पुढ्यात धरला. "हा तुम्हाला. मूठ नवीकोरी आहे, जपून ठेवा."