बावडीचं पाणी

बायको, कमलिनी, गेली तेव्हा गोपीनाथला भोपाळला येऊन वर्षही झालं नव्हतं. राज्यांची फेररचना झाली, नागपूर राजधानी राहिली नाही, सचिवालयाच्या फायली मालगाडीत चढल्या आणि त्यांच्या मागोमाग कारकूनही निघाले. मिळालेल्या क्वार्टरला नळ होता, पण नळाला पाणी नव्हतं. उताराखाली पायऱ्यांची जुनी विहीर होती, इथले लोक तिला बावडी म्हणत. कमलिनी तिथून हंडा भरून आणायची. पावसाळा सरता सरता तिला टायफॉइड झाला आणि ती त्यातून उठली नाही.

तिचा धाकटा भाऊ सुभाष नागपूरहून एम.एस्सी. होऊन नोकरीच्या शोधात त्यांच्याकडेच राहत होता. तेराव्याला त्याने गोपीनाथचा हात धरला. "भाऊजी, ताईला त्या पाण्याने नेलं. मी त्या पाण्याचा छडा लावतो."

नव्या राज्याने तरुण संशोधकांसाठी एक शिष्यवृत्ती काढली होती. जागा एक आणि उमेदवार खंडीभर. सुभाषने विषय दिला, शहरातल्या विहिरी-बावड्यांचं पाणी. मुलाखतीच्या दिवशी गोपीनाथ रजा काढून बाहेर बाकावर बसला. समितीतले एक म्हातारे प्राध्यापक बाहेर आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपकी पत्नी का सुना. लड़का बोलते-बोलते रो पड़ा."

गोपीनाथलाही रडू आलं. पण बरंही वाटलं. तिच्या मरणातून निदान काहीतरी चांगलं होणार होतं.

शिष्यवृत्ती सुभाषला मिळाली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबल मिळालं. नमुने आणायचं काम गोपीनाथने आपणहून अंगावर घेतलं. घरात कमलिनीच्या औषधाच्या बाटल्या होत्या, डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. पट्ट्या त्याने काढल्या नाहीत. बाटल्या उकळायच्या, रविवारी बावडीवर नेऊन भरायच्या, बूच बसवून वर मेणबत्तीचं मेण ओतायचं आणि मेण गरम असतानाच त्यावर अंगठा दाबायचा. सोमवारी ऑफिसला जाताना बाटली सुभाषच्या हातात द्यायची. घरी नळाला पाणी आलं तरी हे थांबलं नाही, कारण उतारावरची वस्ती अजून बावडीचंच पाणी पीत होती.

त्या वस्तीतली नन्हीबाई त्याला दर खेपेला हटकायची. "बाबूजी, रिपोट आई?"

"आएगी. साहब देख रहा है."

"तुम्हारा साहब देखता बहुत है. मेरे चारों बच्चे यही पीते हैं."

सुभाषला विचारलं की तो म्हणायचा, "चाललंय भाऊजी, वेळ लागतो."

मग एका संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. त्याला जर्मनीत जागा मिळाली होती. विषय कापडाचे रंग.

"आणि पाणी?" गोपीनाथने विचारलं.

"ते झालं. सगळं तपासलं. काही निघालं नाही."

"काहीच नाही?"

"साधं पाणी आहे, भाऊजी." सुभाषने पेढा त्याच्या हातावर ठेवला. "सरकार शिष्यवृत्ती तिकडेही चालू ठेवतंय. फक्त मी परत येईन म्हणून इथल्या कायम सरकारी नोकराने जामीन राहायचं. तुमच्याशिवाय मला इथे कोण आहे?"

"उद्या कागद आण," गोपीनाथ म्हणाला. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. पाणी साधं होतं, मग ती कशाने गेली?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कॉलेजात गेला. तिच्या बाटल्या होत्या, रिकाम्या तर रिकाम्या, घरी न्याव्यात म्हणून. सुभाष जागेवर नव्हता. प्रयोगशाळेच्या शिपायाने टेबलाखालचं कपाट उघडलं.

"ले जाइए. साहब ने कभी छुईं तक नहीं. जगह घेरती हैं."

सगळ्या बाटल्या भरलेल्या होत्या. प्रत्येकीवर मेण होतं आणि मेणावर त्याचा अंगठा.

संध्याकाळी सुभाष करारनामा घेऊन आला. गोपीनाथने एका बाटलीचं मेण खरवडून काढलं, पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पी."

"हे काय?"

"बावडीचं आहे. साधं."

सुभाष हसला. "इतके महिने कोंडलेलं पाणी कुणी पितं का? तुम्ही पण ना!"

"मग ताजं आणतो. बस तू."

सुभाषचं हसू गेलं. त्याची नजर ओळीने मांडलेल्या बाटल्यांवर गेली. "भाऊजी, विहिरीच्या पाण्यावर कुणी मोठं झालंय का? अशी संधी पुन्हा येत नाही."

"संधी तुला तिच्या नावावर मिळाली."

"मी तिथे खोटं रडलो नाही!"

"नसशील. म्हणून तर मी फसलो."

"ताई असती तर तिने डोळे मिटून सही केली असती."

"केली असती," गोपीनाथ म्हणाला. "पण ती असती तर तू समितीला काय सांगितलं असतंस?"

सुभाषने कागद उचलला. "मला दुसरा जामीन मिळेल."

"मिळेल. तुला मिळतं."

रविवारी गोपीनाथ सवयीने बावडीवर गेला, रिकाम्या हाताने. नन्हीबाई हंडा घासत होती.

"आज शीशी नहीं? मतलब रिपोट आ गई?"

चांगलं आहे म्हणावं तर ते सुभाषचं खोटं झालं असतं. वाईट आहे म्हणावं तर हातात काही नव्हतं.

"नहीं आई," तो म्हणाला. "किसी ने देखा ही नहीं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "और आप हर इतवार..."

"पानी उबालकर पिलाओ बच्चों को."

"लकड़ी आप दोगे, बाबूजी?"

तिने हंडा पाण्यात बुडवला. तो बुडबुडत भरेपर्यंत गोपीनाथ पायरीवर तसाच उभा राहिला. मग ती हंडा घेऊन वर निघाली तेव्हा तिला वाट द्यायला तो बाजूला सरला.