रिकाम्या देव्हाऱ्याची भीती

घाबरू नका, मी देव नाही. मी देवांचं घर होतो. भिंतीवर दोन खुंट्यांना टांगलेला लाकडी देव्हारा बोलतोय.

माझा जन्म खाप्याचा. कन्हान नदीच्या काठी एका सुताराने बैलबंडीच्या उरलेल्या सागवानातून मला घडवलं. धोंडबाने लग्नानंतर आपल्या बायकोला, भीमाबाईला, हौसेने घेऊन दिलेली पहिली वस्तू म्हणजे मी. पुढे धोंडबाला नागपुरात कापडगिरणीत काम लागलं. बिऱ्हाड हललं, तेव्हा भीमाबाईने भांडी गाडीत टाकली आणि मला मांडीवर घेतलं. माझ्यात देवांचे पितळी टाक होते, आणि मधोमध मातामाय, देवीच्या रोगाची देवता. शेंदराने माझी फळी इतकी माखली की आपला मूळ रंग मलाच आठवेनासा झाला.

मग छप्पन्न सालचा दसरा आला. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून निघाली. घरच्यांनी दीक्षा घेतली, ते बौद्ध झाले. चार दिवसांनी धोंडबाने माझ्यातले देव फडक्यात बांधले आणि खाप्याला जाऊन कन्हानच्या डोहात सोडले. परत आल्यावर त्याने माझ्या फळीवर टिचकी मारली.

"देवाचं बिऱ्हाड उठलं वं! आता हे खोली किरायानं देऊन टाकू."

"तुमच्या जिभेले काही हाड!" भीमाबाई म्हणाली. पण हसली.

माझ्यात काडेपेटी, फणी आणि तेलाची शिशी आली. बुद्धाची तसबीर समोरच्या भिंतीवर लागली. संध्याकाळी दिवा लावला की भीमाबाईचा हात सवयीने माझ्याकडे यायचा, मध्येच थबकायचा, आणि उगाच फणी सारखी करून परत जायचा. हे कोणाला दिसत नसे. मला दिसे, कारण मीही त्या हाताची वाट बघत असे.

पुढे धोंडबा वारला. मुलगा बळीराम गिरणीत लागला, त्याची बायको जयवंता घरात आली, प्रेमिला झाली. जयवंता रोज तसबिरीपुढे बसून त्रिशरण म्हणायची. भीमाबाई शेजारी बसून नुसते ओठ हलवायची.

"जोरानं म्हणा न, मामी," जयवंता सासूला म्हणायची.

"माह्या बोळक्यात थे पाली भाषा ठयरत नाही, बाई. तू म्हण, मी आयकतो."

प्रेमिला पाच वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी, वस्तीत देवीची साथ आली. मला ती आधी वासावरून कळली. घरात माता आली की फोडणी देत नाहीत. एकेका घरातून फोडणीचा वास नाहीसा होत गेला आणि दारादारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले. दीक्षा घेतलेल्यांच्या दारांवरही लागले. भीतीने जुनी वाट बरोबर शोधून काढली होती.

मग प्रेमिला तापाने फणफणली. अंगभर फोड आले. डोळे सुजून मिटले. पाण्याचा घोटही गळ्याखाली उतरेना. भीमाबाई माझ्याकडे बघायची आणि चटकन नजर फिरवायची. तिच्या मनातलं मला कळत होतं, कारण तेच माझ्या लाकडातही थरथरत होतं. आपण तिला पाण्यात सोडलं. आता ती परत आली आहे.

शेजारची कांताबाई दारातूनच बोलली, "साथीच्या दवाखान्यात नेऊ नका बरं! तिथं गेलेलं लेकरू खांद्यावरच वापस येते."

"मंग काय करू?" जयवंताने विचारलं.

"काय करशीन? पाय धर तिचे. तुमीच त बुडवलं न तिले!"

कांताबाई गेली. बळीराम सदरा चढवून रिक्षा आणायला निघाला. जयवंता नळावर गेली. घरात आजी आणि नात उरल्या. भीमाबाई उठली. कनवटीची सुपारी काढली, तिला कुंकू लावलं आणि फणी बाजूला सारून माझ्यात ठेवली. वर कडुनिंबाचं डहाळं. इतक्या वर्षांनी माझी फळी भरली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती पूजा वाटेचना. मार चुकवायला कोणी हात आडवा धरावा, तसं वाटलं.

जयवंता घागर घेऊन आत आली आणि तिला सगळं दिसलं.

"फेक," भीमाबाई म्हणाली. "फेक आन् मले बी घराबाहीर काढ. पन मले लय भेव वाटून राहिलं वं पोरी."

जयवंताने घागर खाली ठेवली. "मले नाही वाटत का, मामी? राहू द्या थे सुपारी. पन पोरगी दवाखान्यात जाईन."

"आन् वापस नाही आली त?"

"त मले बी ठाव नाही." तिने पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "पन घरात ठेवून तिचं मरन पाहात बसनं, हे मले जमनार नाही."

बाहेर रिक्षाची घंटी वाजली. निघण्याआधी जयवंता तसबिरीपुढे उभी राहिली आणि त्रिशरण म्हणू लागली. दुसऱ्या ओळीवर अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. रोज म्हटलेले शब्द भीतीने पुसून टाकले होते. ती भिंतीला हात टेकून रडू लागली.

तेवढ्यात मागून एक खरखरीत आवाज आला. पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. भीमाबाई म्हणत होती. बोळक्यातून निसटणारे शब्द होते, पण एकही चुकला नाही. इतकी वर्षं ती नुसते ओठ हलवत नव्हती तर! जयवंताने मागोमाग म्हटलं. मग भीमाबाईने पदर खोचला, नातीला गोधडीत गुंडाळून उचललं आणि आपणच पुढे निघाली.

"चाल, लवकर चाल. मी बसतो तिच्यापाशी दवाखान्यात. माह्यं काय, पिकलं पान."

ते दिवस मी रिकाम्या घरात कसे काढले, ते माझं मला ठाऊक. प्रेमिला परत आली, आजीच्या कडेवर. चेहऱ्यावर वण राहिले, डाव्या डोळ्यात फूल पडलं. पण आली. कशामुळे वाचली, हे मी सांगू शकत नाही. मागाहून कांताबाईनेही आपल्या नातवाला त्याच दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही. त्या दिवशी भीमाबाई तिच्या दारात जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

आज मी नागपुरातल्याच प्रताप नगरात प्रेमिलाच्या घरी आहे. भीमाबाई नाही. माझ्या फळीला वाळवी लागली आहे, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून एवढंच सांगतो. भीतीच्या दिवसांत माझ्यासारख्याच्या पोटात काय ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तेव्हा एकटे उभे राहू नका. कोणाला तरी शेजारी उभं करा. तुमचे शब्द अडतील, तेव्हा पुढची ओळ त्याला येत असेल.