इंजिनात नाचणीचे पीठ

मित्रांनो, मी मोटारीचे एक जुने इंजिन आहे. विलायतेत घडलो, बोटीने आलो आणि मुळशीच्या धरणावर साहेबाची मोटार ओढता ओढता म्हातारा झालो. मग माले गावच्या हैबतरावांनी मला मोटारीसकट विकत घेतले. ताम्हिणीहून पौडाला ते सवाऱ्या नेत. पुढचे खोटे असेल तर माझे प्लग झडोत!

धरणाच्या काठी एक वळण होते. त्याखाली एक गाव बुडालेले. तिथे पोचलो की मी बंद पडे, आणि बंद पडूनही माझ्या पोटात घरघर चाले. सवाऱ्या वहाणा टाकून पळत.

एकदा हैबतरावांच्या कारभारणीने, सारजाबाईंनी, मला कान लावला. बुडाले ते त्यांचे माहेर. आई तर पाणी चढण्याआधीच गेलेली.

"अवं, ह्ये भूत न्हाई. माज्या आयचं जातं हाय."

"जातं असू दे न्हाईतर उखळ!" हैबतराव खेकसले. "घासूनपुसून बघ. उद्या तितं पुन्यांदा थांबलं, तर भंगारात घालतो."

सारजाबाई अंगणात घासायला बसल्या. रॉकेलच्या बोळ्याने काजळी काढली. लोखंडाला राख, पितळेला चिंच. शेजारच्या गोजराबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सारजे, घरची भांडी खरकटी, आन् भुताला आंघूळ व्हय गं?"

"तुजा न्हवरा बी आन. त्येलाबी घासती!"

मी आरशासारखा झालो. तेवढ्यात पंख्यामागच्या खाचेत त्यांचे बोट गेले आणि तिथेच थांबले. बोटावर नाचणीचे पीठ होते. नुकते दळल्यासारखे, कोमट.

पुसावे, तर आईचा आवाज जाणार. ठेवावे, तर मी थांबणार आणि भंगारात जाणार. सारजाबाईंनी बोळा खाली टाकला. पीठ अंगठ्याने खाचेत परत दाबले आणि पुटपुटल्या, "आये, दळ. पर गाडी आडवू नगंस."

दुसऱ्या दिवशी वळण आले. मी थांबलो नाही, मित्रांनो. जरासा हळू झालो, एवढेच. पोटात घरघर झाली, आणि मागे बसलेल्या सारजाबाईंनी आईच्या जात्यावरच्या ओवीचा पुढचा चरण धरला.

म्हणून सांगतो, यंत्रे वेळच्या वेळी पुसत जा. गंज वाईट. मात्र एखाद्या खाचेत पीठ लागले, आणि ते कोमट असले, तर बोळा खाली ठेवा. घरातल्या बायांना विचारा, कोणाची आई दळते आहे.