खालच्या कप्प्यातले शेवाळ

तिने गुडघे टेकून दवाखान्यातल्या माशांच्या टाकीखालच्या कपाटाचे दार उघडले आणि टाकीचे पाणी जिथून फिरून परत वर जायचे, त्या काचेच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. बोटांना नुसती काच लागली. केसांच्या गुंत्यासारखे दाट हिरवे शेवाळ, त्याखालचा चिखलाचा थर, वरचा छोटा दिवा, सगळेच गायब. कप्पा जेवायच्या ताटासारखा लख्ख घासलेला होता.

वरच्या टाकीत समुद्री मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडत होते. सगळ्यात जुना पिवळा मासा एका अंगावर कलला होता.

"हे कोणी केलं?"

दातांच्या त्या दवाखान्यात खुर्च्यांवर बसलेल्यांनी माना वळवल्या. नावे लिहून घेणाऱ्या मुलीने भुवईनेच आतल्या खोलीकडे खूण केली. आत डॉक्टरीणबाईंचे जावई बसत. महिन्यापूर्वी ते दवाखान्याची व्यवस्था बघायला आले होते, आणि जावई म्हटल्यावर त्यांना बोलणार कोण?

"मीच साफ करून घेतलं शुक्रवारी," ती आत शिरताच ते म्हणाले. "केवढी घाण साचली होती! तुम्ही दर सोमवारी येऊन करता तरी काय?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"घाण? अहो, माशांची घाण खाऊनच ते शेवाळ वाढत होतं. मी दर सोमवारी त्यातलं मूठभर कापून नेते, तेव्हा कुठे ती घाण पाण्याबाहेर जाते. तुम्ही टाकीची किडनीच काढून फेकलीत!"

"मग मशीन कुठे आहे?"

"कसलं मशीन?"

"खाली पाणी साफ करणारं परदेशी मशीन आहे, असं आई सगळ्या पेशंटना सांगतात. तुम्हीच सांगितलंत त्यांना. मी उघडून बघतो तर आत डबक्यातला गाळ. मला वाटलं, मशीन तुम्ही केव्हाच लांबवलंत. तरी चारचौघांत बोललो नाही, उपकार माना."

चोराच्या उलट्या बोंबा, असे म्हणायला तिने तोंड उघडले आणि मिटले. मशीनची थाप तिचीच होती. सहा वर्षांपूर्वी शेवाळ हा शब्द कानावर पडताच डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडले होते. दवाखान्यात शेवाळ? काम हातचे जाऊ नये म्हणून ती घाईघाईने म्हणाली होती, नाही हो, मशीन आहे. पुढे बाईंना खरे कळले, तरी लोकांना मशीनच सांगायचे असे दोघींचे ठरले. आता तिला जावयांचा आला त्याहून जास्त राग स्वतःचा आला.

ती तडक घरी गेली. तासाभरात दोन कॅन मिठाचे तयार पाणी, एक जुना दिवा आणि घरच्या टाकीतले बादलीभर शेवाळ घेऊन परत आली. टाकीतले अर्धे पाणी उपसून तिने नवे भरले. मासे एकेक करून खाली उतरू लागले. पिवळा अजून डुगडुगत होता, पण सरळ झाला होता.

डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"लवकर आत घाला ते, आणि दार लावा. कोणी विचारलं तर मशीनच म्हणा. आपलं ठरलेलं आहे ना?"

समोरच्या खुर्चीतली बाई लहान मुलीला घेऊन जवळ आली.

"मशीन बिघडलं होतं का हो?"

डॉक्टरीणबाईंची नजर टाकीजवळ बसलेल्या तिच्यावर होती. तिने बादलीतून शेवाळाचा गुंता दोन्ही हातांनी उचलला. पाणी कोपरांवरून फरशीवर गळू लागले.

"मशीन कधी नव्हतंच. हे शेवाळ आहे. सहा वर्षं पाणी यानेच साफ ठेवलं. हात लावून बघा."

डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. लहान मुलीने बोट पुढे केले होते. आईने तिचा हात झटकन मागे ओढला.

"शी! घाण असते ती. तू वर बघ, पाणी किती स्वच्छ आहे."