जुलैचा आकडा

दर जुलैला पोर्ट केलर बार्जमेन या अमेरिकन फुटबॉल संघाचे धिप्पाड गडी एकेक करून कॅझ व्होयतॉविचच्या खोलीत यायचे आणि ठरवून नापास व्हायचे. परीक्षा साधीच. कॅझ दहा शब्द वाचून दाखवी, मधे थोड्या वजाबाक्या करायला लावी आणि मग मघाचे शब्द विचारी. हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा व्हायची, आणि आकडा जुलैपेक्षा खाली आला नाही की गडी परत मैदानात. तेव्हा जुलैत जितकं मठ्ठ दिसाल तितकं बरं, हे शहाणपण जुने खेळाडू नव्यांना पहिल्याच दिवशी देत. कॅझ सव्वीस वर्षं संघाच्या दुखापती सांभाळत होता. त्याला काय हे कळत नव्हतं? पण तो डोळ्यांवर कातडं ओढून सही करायचा. सगळेच करतात, असं एकदा म्हटलं की माणसाला झोप बरी लागते.

"तीन?" त्या जुलैला तो ऑडी लॅफ्लरला म्हणाला. "अरे, माझं कुत्रं पाच सांगेल."

"मग त्यालाच उभं कर सेंटरला," ऑडी म्हणाला. "तुझ्यापेक्षा कमी भुंकत असेल."

ऑडी दहा वर्षं सेंटर होता. वाकून चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि मान वर व्हायच्या आत समोरच्या दीडशे किलोच्या धटिंगणाला डोक्यानं भिडायचं, हे त्याचं काम. सामन्यात साठ-सत्तर वेळा. कॅझचा त्याच्यावर जीव होता. त्याच्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून कॅझच उभा राहिला होता.

आदल्या हंगामात सोळापैकी दोन सामने जिंकलेल्या या संघावर त्या वर्षी रॉय हॅनिगर हा नवा कोच आला. बोलायचा हळू, हसायचा त्याहून कमी. जुलैच्या परीक्षांआधी, पहिल्याच दिवशी त्यानं दारं लावून फक्त खेळाडूंची बैठक घेतली. कॅझसारख्यांना आत मज्जाव होता. दुसऱ्या दिवसापासून सराव पालटला. इतर संघ सरावात आठवड्यातून एकदाच खऱ्या टकरी घेतात, बार्जमेन चार दिवस घेऊ लागले.

"कोच, हंगामाआधीच मोडतील हो पोरं," कॅझनं एकदा धीर करून म्हटलं.

"मोडणारी आत्ताच मोडू देत," हॅनिगर म्हणाला.

सप्टेंबरात संघ हरला आणि ऑक्टोबरात जिंकायला लागला. ईरी सरोवरावरून बर्फ येऊ लागलं तोवर शहर पार खुळावलं होतं. चर्चच्या शुक्रवारच्या तळलेल्या मासळीच्या पंगतीत पाद्रीसुद्धा हॅनिगरचं नाव घेऊ लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा बाद फेरी दिसत होती.

कॅझला मात्र दुसरंच काही दिसत होतं. ऑडी सरावात गेल्या वर्षीचे इशारे ओरडायचा. एकदा न्याहारी करून उठला आणि ताट घेऊन पुन्हा रांगेत उभा राहिला; पोरं हसली, तोही हसला. एकदा त्याची गाडी आवारात दुपारभर चालूच राहिली, ती कॅझनं गुपचूप बंद केली. नोव्हेंबरात दोनदा डोक्याला लागलं. दोन्ही वेळा परीक्षेत तीन शब्द आले. जुलैतही तीनच होते. कॅझनं दोन्ही वेळा सही केली आणि दोन्ही वेळा त्याला घरी जेवण गेलं नाही.

शेवटचा सामना जिंकला की बाद फेरी, अशी वेळ आली. शेवटची बारा मिनिटं उरलेली, बार्जमेन चार गुणांनी पुढे. ऑडी एका टकरीतून उठला आणि भलत्याच संघाच्या बाकाकडे चालू लागला. कॅझनं धावत जाऊन त्याला आणलं, बसवलं, दहा शब्द वाचले. थोड्या वेळानं विचारले.

"पेन्सिल... घोडा..." ऑडीनं डोळे मिटले. "लिंबू."

संघाच्या डॉक्टरनं जुलैचा कागद पाहिला. "तीनच की. सोड त्याला मैदानात," म्हणून तो दुसऱ्या जखमी गड्याकडे वळला.

कॅझनं हेल्मेट पुढे केलं. वर त्यानं थट्टा केली. "जुलैतलं सोंग चांगलं वठवलंस, लेका. तेवढ्यावर तरलास."

"सोंग नाही," ऑडी म्हणाला. "या वर्षी खरी दिली परीक्षा. कोचनं बैठकीत बजावलं होतं, माझ्या संघात खोटं नको, त्या खोलीतही नको. बाकीच्यांनी नाही ऐकलं. मी ऐकलं. घाम फुटला होता मला ते शब्द आठवताना."

कॅझनं हेल्मेट मागे ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं.

"ऑडी कुठाय?" हॅनिगर आला. "आकडा काय?"

"तीन."

"जुलैचा?"

"तीन."

"मग?"

"मग तो जुलैतच कामातून गेला होता, कोच."

हॅनिगरनं विचारलं, "त्या कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी."

 कोच मैदानाकडे वळला आणि बदली सेंटरला त्यानं हाक मारली. त्या पोराच्या हातून दुसऱ्याच वेळी चेंडू निसटला. बार्जमेन हरले. सत्तर हजार माणसांनी शिव्या घातल्या, आणि त्यातली एकही चुकीची नाही असं कॅझला वाटलं.

तो ऑडीशेजारी बसून होता. हेल्मेट त्यानं अजून सोडलं नव्हतं. ऑडीनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. चेहरा अगदी मोकळा होता, बऱ्याच दिवसांचं एखादं गुपित सांगायला बसल्यासारखा.

"कॅझ, तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "या जुलैला परीक्षा मी खरी दिली बरं का. तीनच आले, तेव्हा जाम टरकली होती माझी. पण तू हसलास आणि सही केलीस. म्हटलं, चला, म्हणजे मला काही झालेलं नाही."