मिठीचे पंचवीस गुण

आमच्या शाळेत दर वर्षी चारशे मुलं मिठ्या मारतात, आणि त्या सगळ्या इंग्रजीत. एरवी या डोंगरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. माझी आई गेली तेव्हासुद्धा आम्ही चौघी बहिणी चार कोपऱ्यांत उभ्या राहून रडलो होतो. पण मी इंग्रजी शिकवते, शेवटच्या वर्षाला, सव्वीस वर्षं झाली, आणि विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला मिठी लागते.

पेपरातला शेवटचा प्रश्न असा असतो. अर्धी गोष्ट छापलेली, पुढचे दोन परिच्छेद आपण लिहायचे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य पेपर काढणाऱ्यांनीच दिलेलं. पंचवीस गुण. तपासणाऱ्यासमोर पडद्यावर पानं सरकत असतात, एका गोष्टीला तो मिनिटभरसुद्धा देत नाही. भावना दिसली की गुण टाकतो आणि पुढे जातो. म्हणून मी बारा शेवट तयार करून ठेवलेत, पिवळ्या कागदाच्या पुस्तिकेत. मूल हरवलेलं असो, मैत्रिणी भांडलेल्या असोत की कुत्रं मेलेलं असो, शेवटी डोळे भरून येतात, मिठी पडते आणि ढगांतून ऊन येतं. तालुक्यातल्या तिन्ही शाळांत ही पुस्तिका चालते. मुलं दात घासताना तिचं पाठांतर करतात. मला त्या पुस्तिकेचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू.

तान सुयुन या मुलीने मला त्या वर्षी बेजार केलं. ती परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. व्याकरणाच्या दहा रिकाम्या जागा ती चार मिनिटांत भरायची, दहाच्या दहा बरोबर. उताऱ्यांमध्ये फार तर एखादा प्रश्न चुकायचा. आणि शेवटच्या प्रश्नाशी आली की गाडी रुतायची. आदल्या वर्षी तिने तिथे चार ओळी लिहून पेन खाली ठेवलं होतं. पंचवीसपैकी सहा. एकूण दीडशेपैकी एकशे दोन, आणि कुनमिंगच्या शिक्षक महाविद्यालयात जायला तिला इंग्रजीत एकशे पंधरा तरी हवे होते. बाकीच्या विषयांत वाढायला जागा नव्हती, सगळं या एका पानावर अडलं होतं.

तिचे आईवडील दूर समुद्रकाठी, निंगबोला, बुटांच्या कारखान्यात. वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, आणखी एक वर्ष देतो, मग इकडे ये, माझ्या शेजारच्या सरकत्या पट्ट्यावर जागा आहे. बुटांना तळ चिकटवायचं काम. हे तिने मला अशा आवाजात सांगितलं की जणू शेजारणीची गोष्ट सांगते आहे. मला मात्र ते ऐकल्यापासून चैन नव्हतं. तिची डिंक लागलेली बोटं मला तासाला फळ्यावर लिहितानाही दिसायची.

मार्चमध्ये सराव पेपराला एक गोष्ट आली. एका खलाशाचा मुलगा, बाप तीन वर्षांनी घरी येतो. पहिल्या परिच्छेदाचं दिलेलं वाक्य होतं, बाप पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी म्हटलं, चला, यासाठी तर पुस्तिकेतला चौथा शेवट जसाच्या तसा बसतो. बाकीच्या एकोणसाठ मुलांनी तो बसवला. सुयुनने लिहिलं होतं की बापाने विचारलं, जेवलास का. मुलगा म्हणाला, जेवलो. मग बापाला नळ गळताना दिसला. त्याने पिशवी खाली ठेवली, पाना काढला आणि नळ दुरुस्त करायला बसला. मुलाने बादली धरली. नळ थांबला. संपलं.

इंग्रजीत एक चूक नव्हती. मी अकरा गुण दिले, खाली लाल पेनाने लिहिलं, भावना कुठे आहे, आणि तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं.

"हे काय लिहिलंयस?"

"शेवट, बाई."

"तीन वर्षांनी बाप घरी येतोय आणि नळ दुरुस्त करत बसतो?"

"गळत होता, बाई."

मागच्या टेबलावर गणिताचे सर चहात हसले, ठसका लागेपर्यंत. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, तुमच्या घरी काय होतं ते तुमच्या घरी. इंग्रजीत लिहायचं तर त्यांच्याकडे होतं तसं लिहायचं, भात खायला काटा-चमचा कुणी दिला तर काटा-चमच्याने खायचं. ती मान डोलावत राहिली. शिक्षा म्हणून चौथा शेवट वीस वेळा लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी वहीची वीस पानं माझ्या टेबलावर होती, छापल्यासारख्या अक्षरात.

एप्रिलच्या चाचणीत ती पुन्हा अडली. मेच्या पहिल्या आठवड्यातही. फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही उरलेले दिवस लिहितो. रोज सकाळी तो आकडा पुसून नवा लिहिण्याआधी मी दोनदा मोजायची, जसं काही मलाच बसायचंय परीक्षेला. तासाला खुर्चीत बसवेना. बाकांमधून येरझारा घालायची आणि दर फेरीला सुयुनपाशी थांबायची. पेन चालत असलं की पुढे जायची, थांबलेलं असलं की तिथून हलायची नाही. मुलं आपसात म्हणायची, बाईंच्या पायाला भिंगरी लागली. म्हणू देत.

परीक्षेला एकोणीस दिवस उरले तेव्हाच्या पेपरात तिने प्रगती केली. डोळे भरून आले होते, मुलगी धावत निघाली होती, तिने आपले हात. इथे वाक्य तुटलं होतं. पुढे अर्धं पान कोरं.

दुपारच्या सुट्टीत मी तिला बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच होतो, बाकीचे तांदळाच्या शेवया खायला फाटकाबाहेर गेले होते. मी रागावायची पूर्ण तयारी केली होती.

"वीस वेळा लिहिलंस ना? पाठ आहे ना? मग अडलं कुठे?"

तिने माझ्या टेबलावरच्या खडूच्या डबीचं झाकण लावलं. "बाई, पाठ आहे. पण लिहायला लागले की डोळ्यांपुढे दिसायला लागतं, आणि मग कळत नाही. हात कुठे ठेवायचे असतात?"

मी हसले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गिळलं. ती खरंच विचारत होती. गोष्ट डोळ्यांपुढे दिसल्याशिवाय तिला लिहिता येत नव्हतं, आणि ही एक गोष्ट तिने कधी पाहिलीच नव्हती.

"ऊठ," मी म्हटलं.

दोन टेबलांच्या मधे आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. मी कवायत शिकवावी तसं शिकवलं. उजवा हात असा खांद्यावरून. डावा इथे, पाठीवर, याच्या खाली. चेहरा बाजूला, नाहीतर नाकावर नाक आपटतं. आता तीन आकडे मोजायचे. ती लाकडाच्या खांबासारखी उभी होती. तिच्या केसांना कपडे धुण्याच्या साबणाचा वास होता, वसतिगृहातल्या मुली त्यानेच केस धुतात. एक, दोन, तीन. तिसऱ्या आकड्याला तिची हनुवटी माझ्या खांद्यावर जराशी टेकली आणि लगेच उचलली गेली.

"राहील लक्षात?"

"हो बाई." ती वर्गाकडे निघाली, आणि जाता जाता हवेत हात धरून जागा पुन्हा एकदा तपासत होती.

मला लाज वाटली. माझी मुलगी शांघायला असते. दर वर्षी ती निघते तेव्हा मी तिच्या हातात अक्रोडांची पिशवी देते आणि म्हणते, बस चुकेल. सव्वीस वर्षं मी मुलांना मिठ्या पुरवल्या आणि मला स्वतःलाही हाताच्या जागा पुस्तकातूनच माहीत होत्या.

जूनच्या आठ तारखेला दुपारी तीन ते पाच इंग्रजीचा पेपर. आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी असतो. केंद्र आमच्याच शाळेत होतं. परीक्षेला शिक्षिकांनी लाल झगे घालायचे असतात, यशासाठी. मी दोन वर्षांपूर्वीचा घातला होता, तो काखेत दाटत होता. मुलं आत गेली, फाटक बंद झालं, आणि रस्त्यावर आईबापांची गर्दी उन्हात उभी राहिली. मी तिथेच फेऱ्या मारायला लागले. रस्त्यापलीकडच्या झाडापासून पहारेकऱ्याच्या चौकीपर्यंत आणि परत. सव्वातीनला ऐकण्याचा भाग संपला असेल. चारला उतारे. साडेचारला ती त्या प्रश्नाशी आली असेल. आता पेन चालतंय की थांबलंय?

चौकीच्या भिंतीला टेकून एक माणूस उकिडवा बसला होता. पायाशी प्रवासाची पिशवी, हाताच्या बोटांवर पिवळट डिंकाचे थर. ती बोटं बघूनच मी ओळखलं. मी लुओ बाई, म्हटल्यावर तो धडपडत उठला आणि खिशातली सिगरेट रीतीप्रमाणे मला देऊ की नको अशा घोटाळ्यात पडला. तीस तास गाडीत बसून तो तिला न्यायला आला होता. कुठे न्यायचं, घरी की निंगबोला, ते त्यालाही अजून ठाऊक नव्हतं.

"इंग्रजीत काय विचारतात हो, बाई?" त्याने विचारलं.

"शेवटी एक गोष्ट पुरी करायची असते."

"मग कठीण आहे. बोलायला जड आहे ती. माझ्यावर गेलीय."

मी उगाच धीट झाले. घड्याळात चार पन्नास झाले होते, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. "तुम्ही तिला कधी जवळ घेता का?"

तो लाजला, कानांपर्यंत. "आता? मोठी झाली."

"लहानपणी?"

"लहानपणी मी नव्हतो इथे," तो म्हणाला, आणि फाटकाकडे बघायला लागला.

पाचला घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर आला, कुणाला शुभ म्हणून आईबापांनी आणलेली सूर्यफुलं मिळाली, कुणी ओरडत सुटलं. सुयुन मागून येत होती, पेनांची पारदर्शक पिशवी छातीशी धरून. तिने आधी मला पाहिलं. प्रश्न माझ्या तोंडावरच लिहिलेला असणार.

"लिहिलं, बाई. दोन्ही परिच्छेद. शेवटी ऊनही पाडलं."

"हात?"

"उजवा खांद्यावरून, डावा खाली."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. तिला एकशे अठरा मिळाले, ती कुनमिंगला गेली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. त्या पानाला किती गुण पडले ते कुणाला कळत नाही, पण हिशोब लावला तर वीसच्या वर असणार. माझी पुस्तिका बरोबर निघाली. नव्या वर्षीही मी तीच छापली, बाराच्या बारा शेवट. नळाची गोष्ट तेरावी म्हणून घालावी असं एकदा मनात आलं होतं. घातली नाही. तिला परीक्षेत अकराच पडतात, आणि मुलांच्या गुणांशी मी खेळणार नाही.

पण पेपराच्या त्या दिवशी फाटकाशी मी अजून उभी होते. सुयुन वळली आणि तिला वडील दिसले. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. सोळा महिन्यांनी भेटत होते. माझ्या मनात चौथा शेवट आपोआप सुरू झाला. मिठी मार ना, मारा ना, असं मी मनातल्या मनात दोघांनाही ढकलत होते.

"जेवलीस?" वडील म्हणाले.

"जेवले."

वसतिगृह रिकामं करायचं म्हणून तिच्या रजईचं पोतं सकाळपासून चौकीत ठेवलेलं होतं. तिने ते ओढून आणलं. तोंडाची दोरी तुटली होती, रजईचं टोक बाहेर लोंबत होतं. वडिलांनी पिशवी खाली ठेवली, तीतून एक नायलॉनची दोरी काढली, बुटांच्या खोक्यांना बांधतात तसली. गुडघा पोत्यावर दाबून त्यांनी एक वेढा घेतला, दुसरा घेतला, ताणून धरलं आणि थांबले. सुयुन खाली बसली आणि तिने गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी तिच्या बोटावरून दोरी आवळली, तिने वेळेवर बोट काढून घेतलं. मग दुसरी गाठ. पुन्हा बोट.

लोक सूर्यफुलं घेऊन फोटो काढत होते, कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मी लाल झग्यात उभी राहून बघत होते. याच गोष्टीला मी अकरा गुण दिले होते आणि खाली विचारलं होतं, भावना कुठे आहे. हात कुठे ठेवायचे, ते त्या दोघांना नीट माहीत होतं.