एकतीस तारखांचा खण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे. ज्या कपाटात मी बसत असे, ते आता राहिलेलं नाही.

माझा जन्म एका वाचनालयासाठी झाला. माझ्या पोटातून पितळेची लांब सळई जाई आणि तिच्यात कार्डं ओवलेली असत. एका पुस्तकाचं एक कार्ड. सगळी अकारविल्हे, म्हणजे अक्षरांच्या क्रमाने. कुणी क्रम मोडला तर ग्रंथपालबाई चष्म्यावरून अशा बघत, की माणूस निमूटपणे कार्ड जागेवर ठेवी.

मग संगणक आला आणि मी जिन्याखाली गेलो. नऊ वर्षं मला कुणी ओढलं नाही. लाकूड झालो म्हणून काय, वाईट वाटायचंच. पुढे वाचनालयच बंद झालं. शेवटच्या दिवशी बाईंनी मला पुसलं आणि काखोटीला मारून घरी आणलं.

बाईंचे यजमान गाड्यांचे मेकॅनिक. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांचं काम आधीच सुटलं होतं. आता बाईंचाही पगार थांबला. बाईंचं वय एक्कावन्न.

"अगं, या वयात कोण देणार काम?" यजमान बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"विचारल्याशिवाय कसं कळणार?" बाई म्हणाल्या.

त्यांनी पुठ्ठ्याचे एकतीस तुकडे कापले, त्यांवर एक ते एकतीस आकडे घातले आणि माझ्यात उभे केले. मग एका जागेला एक कार्ड. शाळा, छापखाना, वकिलाची कचेरी, रुग्णालय. ज्या तारखेला पुन्हा फोन करायचा, त्या आकड्यामागे ते कार्ड. नकार आला तर कार्डाच्या पाठीवर तसं लिहून ते सगळ्यांत शेवटी. कार्डं रोज हलवायची, म्हणून सळई काढून ठेवली.

रोज साडेनऊला बाई केस विंचरून, चपला घालून जेवणाच्या टेबलाशी बसत.

"घरात चपला?" यजमान विचारत.

"कामावर अनवाणी कोण बसतं?"

एक वाजला की मला टेबलाच्या कडेला सरकवत आणि चपला काढत. मग दिवसभर नोकरीचा विषय नाही. मित्रांनो, मी थक्क होऊन बघत असे. आदल्या दिवशी दोन नकार आलेले असत, तरी सकाळी त्यांचं बोट त्या दिवसाच्या आकड्यावर यायचंच. हे बळ कुठून येतं, मला अजून कळलेलं नाही.

एकदा बाई बाजारात गेल्या होत्या. यजमान टेबल पुसत होते. त्यांचा धक्का लागला आणि मी उताणा पडलो. त्रेचाळीस कार्डं घरभर. ते बिचारे पाठ धरून जमिनीवर बसले आणि दोन तास खपून त्यांनी सगळं नीट लावलं.

"बघ, तुझ्या वाचनालयासारखं अकारविल्हे लावलंय!" बाई येताच ते म्हणाले.

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो, तारीख कार्डावर नव्हती. कार्ड ज्या आकड्यामागे, तीच त्याची तारीख. मी डोक्यात काहीच ठेवलं नव्हतं."

"म्हणजे मी वाट लावली."

बाईंनी मला पुढ्यात ओढलं आणि कार्डांवरून बोट फिरवलं. मग त्यांना हसू फुटलं. "एकोणीस वर्षं लोकांना सांगत होते, कार्डं अकारविल्हे ठेवा. ऐकलं एकट्या तुम्ही, आणि तेही आत्ता!"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला टेबलाशी दोन खुर्च्या होत्या आणि चपलांचे दोन जोड. आता सगळ्यांनाच फोन करायचा होता. यजमान कार्ड बघून नंबर लावत, बाई बोलत. कार्ड उलटून पाहायचं यजमानांच्या लक्षात आलं नाही. सव्विसावा फोन रुग्णालयाला लागला.

"बाई, तुम्हाला तर आम्ही नाही म्हणून कळवलंय," पलीकडून आवाज आला.

बाईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी फोन ठेवला नाही. काय घडलं ते सरळ सांगितलं. खण, आकडे, सांडलेली कार्डं, सगळं. पलीकडची बाई आधी हसली, मग म्हणाली,

"इथे रुग्णांच्या कागदांचा डोंगर झालाय. ज्याला घेतलं, तो आठवड्यात पळाला. तो खण घेऊन उद्या याल?"

आम्ही गेलो. त्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे होते. मला धडकीच भरली. बाईंनी मात्र पदर खोचला, वरचा गठ्ठा उतरवला आणि विचारलं, "डॉक्टर कागद मागतात ते नावाने की तारखेने?" समोरची बाई म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

घरी यजमान दारातच उभे होते. विचारायचा धीर नव्हता.

"सोमवारपासून," बाई म्हणाल्या.

ते दाराला टेकले आणि डोळे पुसू लागले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "अगं, कोरी कार्डं उरलीत का? बसून करण्यासारखं काम मलाही मिळेल कुठेतरी."

आता रोज सकाळी ते मला पुढ्यात घेतात. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी काम शोधत असेल, तर 'झालं का काही?' असं रोज विचारू नका. टेबलाचा एक कोपरा त्यांना मोकळा करून द्या आणि जमलं तर शेजारी बसा. नंबर लावायला कुणीतरी लागतं.